घोडीची खोड

मला आयुष्यातलं पहिलं पत्र आलं तेव्हा माझी दाढी पिकलेली होती, आणि त्या पत्रातलं एक अक्षरही खरं नव्हतं. साधं पोस्टकार्ड होतं. पत्ता म्हणून नुसतं 'घोडीवाले काका, पाली, जिल्हा बीड'. मजकूर असा, की काका, तुम्ही जिंकायला आलेली घोडी थांबवून एका माणसाचा जीव वाचवलात, आमच्या पुस्तकात तुमच्यावर धडा पाहिजे. मी पोस्टमनला म्हणालो, हे माझं नाही, परत ने. तो म्हणाला, बैलवाले गावात पैशाला पासरी आहेत, घोडीवाला तू एकटाच, मग परत कुणाला नेऊ? असं म्हणून त्यानं पिशवीत हात घातला आणि तसलीच आणखी मूठभर कार्डं माझ्या हातावर ठेवली. माझ्या हाताला शेण लागलेलं होतं. कार्डं धरावीत का हात धुवावा, तेच कळेना.

मी शर्यतीची घोडी तयार करतो. शहरात हिरवळीवर कोट-टोपी घालून बघतात त्या शर्यती वेगळ्या. आमच्या शर्यती जत्रेतल्या, माळावर धुरळ्यात व्हायच्या. घोडी मालकाची, मेहनत माझी. मालक म्हणजे गावातलं मोठं घर. ऊस आहे, राजकारण आहे, दारात चार माणसं कायम उभी. त्यांच्याकडं ही घोडी माझ्या समोर जन्मली. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी, लई शुभ. पण तिची आई तिला जवळ घेईना, लाथा मारायची. मग मी शेळीचं दूध बाटलीत भरून तिला पाजलं. आमची मंडळी तेव्हा म्हणायची, स्वतःच्या लेकरांना कधी वाटी लावली न्हाई ह्या माणसानं. खोटं नव्हतं ते.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घोड्याला शीळ घालून मुतायला शिकवतात. शिंगरू असल्यापासून, ते लघवीला उभं राहिलं की आपण हळू, लांब शीळ घालायची. होता होता त्याच्या डोक्यात बसतं, की शीळ आली म्हणजे मोकळं व्हायचं. मग फेरी मारून आणलं की शीळ घाला, शर्यतीला सोडायच्या आधी शीळ घाला, जनावर हलकं होऊन पळतं. आमची घोडी तर ह्यात इतकी पक्की, की मी दात कोरताना चुकून वाजलं तरी पाय फाकून उभी राहायची.

त्या जत्रेच्या दिवशी मी तिला शीळ घालणार, तेवढ्यात मालक पाहुण्यांना घेऊन आले. जिल्ह्याचे कुणी पुढारी होते. प्रत्येकाला घोडीजवळ उभं राहून फोटो पाहिजे. एकाचा झाला की दुसरा, दुसऱ्याचा झाला की परत पहिल्याला फेटा बांधून पाहिजे. मी दोनदा म्हणालो, मालक, घोडीला जरा मोकळं करतो. ते म्हणाले, थांब बे, साहेबांचा राहिलाय. तोवर शर्यतीचा पुकारा झाला. घोडी तशीच गेली, तट्ट भरलेली.

मी जाऊन शेवटच्या रेषेपाशी उभा राहिलो. तलवाड्याचा एक घोडा पुढं होता आणि आमची घोडी त्याच्या मागं. ती शेवटी जोर लावते हे मला माहीत होतं, त्यामुळं मी निवांत होतो. रेषा पन्नासेक पावलांवर आली असेल, तेवढ्यात तलवाड्याचा घोडा अडखळला आणि त्याचा स्वार वाटेतच आपटला. घोडा तसाच उठून रानात पळाला, गडी पडलेलाच राहिला. आता पुढं आमची घोडी एकटीच होती. वाटेवरून जरा बाजूला घेतली असती तर शर्यत आमचीच होती. पण घोडी पुढं आलेली बघून पाली-बीडकडची सगळी पोरं नाचायला लागली, आणि त्यांनी बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारल्या. एक नाही, शेकड्यानं.

घोडीनं कान टवकारले. धाव मोडली. पडलेल्या माणसापाशी पोचायच्या दोन पावलं आधीच उभी राहिली, पाय फाकले, आणि चालू. वरचा गडी टाचा मारून मारून दमला, ती हलेना. मागून येणारे घोडे तिला बघून दोन्ही अंगांनी फाकले आणि निघून गेले. ती मधी उभी नसती तर पडलेल्या माणसाचा चेंदामेंदा झाला असता, हेही खरं. पण तिच्या मनात ते नव्हतं. तिच्या मनात काय होतं हे मला पक्कं माहीत होतं, कारण ते मीच तिथं घातलं होतं.

मी पळालो. पळताना काय झालं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मनात म्हणालो, शर्यत गेली, आता ही घोडी गेली. कारण सकाळीच मालक बोलले होते, की ह्या खेपेला नाही जिंकली तर कडा गावच्या वरातवाल्याला देऊन टाकतो.

कड्याचा तो माणूस लग्नाला घोडी भाड्यानं देतो. आमच्याकडं लग्नाच्या आधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला परण्या म्हणतात. पूर्वी परण्या म्हणजे हलगी नि सनई. आता ट्रॅक्टरवर भिंतीएवढे भोंगे, त्याच्यासमोर घोडी तापल्या डांबरावर तास न् तास उभी, नाचणारे तिच्या पायात फटाके लावतात. आमची घोडी पत्रा वाजला तरी थरथरते. तिथं ती वर्षभरात येडी झाली असती. परतीच्या वाटेवर टेम्पोत मी तिची मान धरून उभा होतो आणि मालक पुढून म्हणाले, पुढच्या सोमवारी कड्याला फोन लावतो. बोलून काय करता, घोडी त्यांची.

आणि सोमवार यायच्या आतच ही भानगड झाली. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग काढलं होतं. समोरून काढलेलं, त्यामुळं मागं धार लागलीय हे दिसतच नव्हतं. घोडी माणसाला आडोसा देऊन उभी आहे, आणि एक फेटेवाला म्हातारा धावत येऊन पडलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेतो आहे. वर रडकं गाणं लावलेलं. खाली लिहिलेलं, माणुसकी अजून जिवंत आहे. म्हातारा मी होतो. मी तो व्हिडिओ पाहिला आणि मलाच कळेना की हा कोण माणूस आहे. मांडीवर डोकं? मी तर घोडीसाठी पळालतो. तिचा लगाम धरून रेषेपार ओढायला पळालतो. असं मी मंडळीला सांगितलं, तर ती म्हणाली, मग लगाम कुठं दिसतोय हातात? मी म्हणालो, नंतर धरला असेल. ती म्हणाली, असंल बाई.

मग पत्रं सुरू झाली. कुठल्याशा शाळेत मास्तरांनी 'आवडत्या व्यक्तीस पत्र' असा गृहपाठ दिला, तिथली थप्पी आली. ते बघून दुसऱ्या शाळेनं पाठवली. निवृत्त झालेल्या माणसांची लांबलचक पाकिटं यायची, त्यात आधी त्यांच्या सुनांविषयी आणि शेवटी घोडीविषयी. एका पोरीनं घोडीलाच लिहिलं होतं, 'प्रिय ताई, तू दमली असशील, आराम कर.' मंडळीनं ते पत्र गोठ्यात जाऊन घोडीला वाचून दाखवलं. घोडीनं त्याचा कोपरा खाल्ला. आणि मला मात्र घरात जगणं मुश्कील झालं. म्हशीची धार काढायला उशीर झाला की ही म्हणणार, देवमाणसाला सवड मिळंल का जरा? भाजीत मीठ कमी म्हणालो की, असू द्या, माणुसकी जिवंत हाय.

पण मालकांनी कड्याला फोन लावला नाही. ते स्वतः गोठ्यात आले, पत्रांची चळत हातात घेऊन वजन केल्यासारखी हलवली आणि म्हणाले, इलेक्शन तोंडावर आहे, ह्या घोडीला आता हलवायचं नाही. चिठ्ठ्या येतात तोवर राहू दे. तेव्हापासून त्यांच्या गाडीवर घोडीचा फोटो होता, बाजूला त्यांचा, आणि माझा कोपऱ्यात, नुसता फेटा.

चिठ्ठ्या येतात तोवर. ह्या एका वाक्यानं माझी झोप उडवली. ज्या कार्डांना मी वैतागलो होतो, त्यांची आता मी वाट बघायला लागलो. पोस्टमनची सायकल दिसली नाही की मी वेशीपर्यंत जाऊन बघून यायचो. मंडळी म्हणाली, उत्तरं लिहा, म्हंजे लोक परत लिव्हतील. मी दहावीपर्यंत शिकलोय, लिहिता येतं. पण लिहू काय? तुमचं पत्र मिळालं, मी तसा माणूस नाही? मग पत्र कशाला येईल परत. आणि मी तसाच माणूस आहे, असं लिहायला हात धजेना. सहीपाशी पेन अडायचं. शेवटी मी नुसतं घोडीचं लिहायचो. घोडी बरी आहे, हरभरा खाते, नाल बदलले, तुम्हाला नमस्कार सांगते.

एकदा मात्र राहवलं नाही. त्या 'प्रिय ताई'वाल्या पोरीला मी खरं लिहिलं. बाळ, घोडी लघवीला थांबली होती, लोकांनी शिट्ट्या मारल्या म्हणून. मी पण तिच्यासाठीच पळालो. पत्र टाकलं आणि वाटलं, चला, एकीला तरी फसवलं नाही. आठ दिवसांनी तिच्या बाईंचं उत्तर आलं. लिहिलं होतं, आपला विनय आणि विनोदबुद्धी पाहून आम्ही भारावलो, पत्र सगळ्या वर्गांत वाचून दाखवलं. मी ते वाचून कपाळावर हात मारला. खरं सांगावं तर मोठेपणा वाढतो, गप्प बसावं तरी वाढतो. माणसानं करावं तरी काय?

ह्या सगळ्यात एक पत्र आलं नाही. तलवाड्याच्या त्या गड्याचं, जो पडला होता. सगळा मुलूख लिहितोय आणि ज्याचा जीव वाचला तो गप्प. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं हे कानावर आलतं. मी मंडळीला म्हणायचो, उजवा खांदा असेल, लिहिता येत नसेल. ती म्हणायची, फोन तर करता येतो. मला मनातून वाटायचं, त्यानं पाहिलंय. तो तिथंच पडला होता, त्यानं मला घोडीकडं पळताना पाहिलंय, आणि मला लोक देव करतात हे बघून तो थुंकत असेल. प्रत्येक नवं कार्ड आलं की मला त्याचं गप्प बसणं आठवायचं. रागही यायचा. लेका, शिव्या दे, पण काहीतरी लिही.

पुढं पत्रं आटली. लोकांना दुसरा व्हिडिओ सापडला असेल. मालकांना तिकीटही मिळालं नाही, ते फेटा बांधलेल्या त्या साहेबांच्या भाच्याला गेलं. दुसऱ्याच दिवशी गाडीवरचा फोटो निघाला. चार दिवसांनी कड्याचा माणूस गोठ्यापुढं येऊन उभा राहिला, हातात घोडीच्या तोंडाला बांधायची नवी मोरकी, तिला लाल गोंडे लावलेले.

त्याच वेळी फटफटीवर मागं बसून दुसरा एक माणूस आला. हात गळ्यात बांधलेला. मी त्याला पहिल्यांदा ओळखलंच नाही. उतरून बांधाशी उभा राहिला, रामराम केला आणि म्हणाला, घोडी चाललीय असं ऐकलं, म्हणून बघायला आलो. तेव्हा लक्षात आलं, हा तलवाड्याचा. आजच यायचं होतं ह्याला.

आमच्याकडं घोडं विकताना एक रिवाज आहे. ज्यानं जनावर वाढवलं त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवून घेणाऱ्यासमोर त्याची खोड बोलायची. डोळ्याखाली भोवरा असेल, चावत असेल, पाण्याला बुजत असेल, जे असेल ते. खोड बोलल्याशिवाय मोरकी बदलत नाही, सौदा पक्का होत नाही. खोड लपवली तर त्या माणसाच्या हातचं घोडं पुन्हा कुणी घेत नाही. मी पाठीवर हात ठेवला. मालक हसून मधीच म्हणाले, हिची एकच खोड, लई दयाळू हाय, सगळ्या महाराष्ट्राला म्हाइत हाय.

कड्याचा माणूसही हसला. बोललो तर पत्रं खोटी, पोरी खोट्या, तो वर्ग खोटा, आणि समोर गळ्यात हात बांधून हा माणूस उभा. नाही बोललो तर घोडी चालली, आणि पाठीवर हात ठेवून मी खोटं वागलो ते वेगळंच. मग मी ओठ ओले केले आणि हळू, लांब शीळ घातली.

घोडीनं पाय फाकले. कड्याच्या माणसाच्या नव्या चपलेपर्यंत ओघळ गेला.

मी म्हणालो, ही हिची खोड. शिट्टी ऐकली की मुतते, कुठं का असेना, पाठीवर कुणी का असेना. त्या दिवशीही तेच झालं. त्यानं एकदा घोडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. परण्यात शिट्ट्यांशिवाय दुसरं असतं काय? नवरदेव वर बसलेला आणि घोडी अर्ध्या गावासमोर पाय फाकून उभी, हे त्याच्या डोळ्यासमोर आलं असावं. पोट धरून हसला, चप्पल झटकली, मोरकी खांद्यावर टाकली आणि मालकांना नमस्कार करून चालता झाला.

मालक मात्र लालबुंद झाले. म्हणाले, "म्हंजे एवढा मुलूख मुतावर भुलला व्हता का बे? मी गाडीवर फोटो लावला. मग तू कावून पळालतास?"

मी खाली मान घालून खरं तेच बोललो. म्हणालो, घोडी ओढून रेषेपार न्यायला.

"न्हाई," तलवाड्याचा गडी बांधावरून म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. तो जवळ आला. म्हणाला, घोडी मुतली ते मला म्हाइत होतं, ओघळ माझ्याच अंगाखाली आला. लिहायला बसलो होतो, डाव्या हातानं. पण लिहू काय? मुतली म्हणून वाचलो असं कसं लिहायचं. आणि तुम्ही जे केलं ते तुम्हाला माहीत आहेच, ते परत तुम्हालाच काय कळवायचं.

मी म्हणालो, मी काय केलं ते मला आठवत नाही.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी घोडीच्या अंगाला घासून आलात. लगाम लोंबत व्हता, हाताला लागंल असा. वरचा गडी वरडला, धरा मनून. तुमी मव्हं डोकं उचललं आन् मनलात, घोडी जाऊ दे तिच्या मायला, तू डोळे उघड."

मंडळी दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती का काय, मला दिसलं नाही. मालक म्हणाले, बांध तिला, आता कोण घेतंय हिला, आणि निघून गेले.

मी घोडीला आत नेलं. ती नेहमीसारखी माझ्या खिशाशी तोंड घासायला लागली, गूळ असतो तिथं. मी तिला गूळ दिला, पण तिच्या तोंडाकडं बघायचं मला जमेना. जिला बाटलीनं दूध पाजलं, जिच्यासाठी इतके दिवस झुरलो, तिला मी जाऊ दे म्हणालो? आणि ते खरं असेल, तर इतक्या पोरांनी लिहिलं तेही खरंच, आणि मी एकट्यानंच खोटं लिहून पाठवलं. का तो गडी माझी लाज राखायला बोलला? त्याचा चेहरा तसा वाटला नाही. पण व्हिडिओतला माझाही चेहरा मला माझा वाटला नव्हता.

मंडळी मागून आली. म्हणाली, "आता त्या पोरीला नीट उत्तर लिव्हा."

मी कार्ड घेऊन बसलो. 'चि. बाळ, अनेक आशीर्वाद' एवढं लिहून झालं आहे. मागच्या पत्रात मी तुला जे लिहिलं, असं पुढं लिहायचं आहे, पण ते खरं होतं म्हणून लिहावं का खोटं होतं म्हणून, हे अजून ठरत नाही. कार्ड मांडणीवर तसंच आहे. घोडी गोठ्यात आहे.